उभ्या राहिलेल्या गाडीचे आजार

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीला ठरवून दिलेली वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. खारी हवा, तुंबलेले रस्ते, सिग्नलला तापणारं इंजिन हे सगळं सोसून या टॅक्सी इतकी वर्षं चालत राहिल्या. त्याच शहरात, त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या कितीतरी खासगी पद्मिनी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या राहून सडल्या. त्यांच्या मीटरवरचा आकडा टॅक्सीच्या मानाने किरकोळ असतो, तरीही त्या हलत नाहीत. टॅक्सीला मेकॅनिकचा हात वरचेवर लागत होता, हे खरंच आहे. पण ती दुरुस्ती झिजेची होती. लाइनर संपले, बदलले. क्लच गेला, बदलला. उभ्या गाडीत झीज जवळजवळ नसतेच. तिच्यात ओल, गंज आणि रबराचं म्हातारपण एकाच वेळी सगळीकडे काम करत असतं. म्हणून अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर चालत्या गाडीच्या दुरुस्तीचा क्रम इथे लागू पडत नाही. आधी सांगाडा, मग ब्रेक, मग पेट्रोलचा मार्ग आणि सगळ्यात शेवटी इंजिन, असा उलटा क्रम घ्यावा लागतो. आपल्याकडे बहुतेक गाड्या पुन्हा सुरू करताना नेमका हाच क्रम मोडला जातो.

उदाहरण म्हणून पद्मिनीच घेऊ, कारण महाराष्ट्रात आजही घराच्या मागे किंवा बंद गॅरेजमध्ये उभी असलेली जुनी गाडी म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्याने ही गाडी बनवली. १९६४पासून ती फियाट ११०० डिलाइट होती, १९७४पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने खोलता येतं, त्यामुळे उभं राहिल्याने गाडीचं काय होतं हे तिच्यात फार स्वच्छ कळतं. नव्या गाड्यांतही तेच घडतं, फक्त ते झाकलेलं असतं.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून करू. नेहमीच्या वापरातलं ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. मानकानुसार डॉट-३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांवर आला तरी चालतो. चालत्या गाडीत दर एक-दोन वर्षांनी हे ऑइल बदललं जातं. उभ्या गाडीत पाणी मुरत राहतं आणि व्हील सिलिंडरच्या आतल्या धातूला बारीक खड्डे पाडतं. पिस्टन जागच्या जागी धरतो, रबरी कप कडक होतो. चाकाकडे जाणारी रबरी नळी आतून फुगते आणि तिचं भोक इतकं अरुंद होतं की पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. ते चाक आवळलेलंच राहतं. बाहेरून बघावं तर नळी ठणठणीत दिसते. पेट्रोलची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यातले हलके, चटकन पेटणारे घटक उडून जातात आणि उरलेल्याचं हवेशी संयोग होऊन डिंकासारखं चिकट किटण बनतं. कार्बोरेटरच्या जेटची भोकं मिलीमीटरहून लहान असतात, तिथे हे किटण बसलं की वाट बंद. इंजिनात एखाद्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, त्यातून दमट हवा आत जाते. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर खाली ओघळून गेलेला असतो, आणि पिस्टनची रिंग गंजाने भिंतीला धरते. टायरचं असं आहे की रबराला ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला हे संरक्षण मिळत नाही आणि त्याच्या बाजूच्या भिंतीला चिरा जातात. उंदीर हा सिद्धान्तात न बसणारा, पण अगदी खरा शत्रू आहे. एअर फिल्टरमध्ये घरटं आणि वायरिंगवर दात, या दोन खुणा पुष्कळ बंद गाड्यांत सापडतात.

हे सगळं लक्षात घेतलं की नेहमीचा रिवाज किती घातक आहे ते कळतं. नवी बॅटरी आणायची, टाकीत दोन-चार लिटर पेट्रोल ओतायचं, सेल्फ मारायचा. नाही लागली तर दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढायची. यात काय काय होतं ते पाहा. गंजाने धरलेली रिंग झटक्याने सुटते तेव्हा ती तुटू शकते किंवा सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे ओढते. मग हलक्या हाताने सुटलं असतं ते इंजिन बोअरिंगला जातं. टाकीच्या तळाचा गंज आणि किटण नव्या पेट्रोलबरोबर पंपात आणि कार्बोरेटरमध्ये ओढलं जातं. पंपाचा वाळलेला पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करतं आणि बेरिंगं कोरडी घासतात. आणि समजा, हे काहीच झालं नाही, इंजिन धडधडू लागलं, तर सगळ्यात मोठा धोका तेव्हाच सुरू होतो: ब्रेक नसलेली गाडी चालू लागते. इंजिन लागलं की उत्साहात एक फेरी मारून येण्याची इच्छा आवरत नाही. यावर अनुभवी मेकॅनिक म्हणतात की अशा शेकडो गाड्या ओढून सुरू केल्या, काही झालं नाही. काही गाड्यांना खरोखरच काही होत नाही. कोरड्या जागी, थोडाच काळ उभी असलेली गाडी हे सहन करते. पण ज्यांच्या रिंगा तुटल्या त्या गाड्या धूर ओकायला लागल्यावर ‘इंजिन जुनंच होतं’ म्हणून विसरल्या जातात. नुकसान सुरू करण्याच्या पद्धतीने झालं की आधीच होतं, हे नंतर ठरवता येत नाही. म्हणून यशाच्या या हिशेबावर विसंबता येत नाही.

सांगाडा आधी तपासायचा तो दुसऱ्या कारणासाठी. फियाटने १९५३ साली ११००ची जी नवी रचना आणली तिच्यात वेगळी चॅसी नव्हती. बॉडी हाच सांगाडा. पद्मिनी त्याच घराण्यातली. म्हणजे फरशीचा पत्रा, दाराखालचा पोकळ उंबरा, मागच्या पाट्यांचे टेकू, पुढच्या सस्पेन्शनच्या बैठका हे सगळं भार पेलणारं आहे. पत्रा सडला म्हणजे गाडी कुरूप झाली, एवढंच होत नाही. ती कमकुवत होते. कोकणपट्टीत आणि मुंबईत हवेतल्या क्षारांमुळे गंज झपाट्याने पसरतो, आणि तो बाहेरून आत न जाता आतून बाहेर येतो: उंबऱ्याच्या पोकळीत पाणी निघायची भोकं मातीने बुजलेली असतात, गालिच्याखालचं जूट पावसाळाभर ओलं राहतं. म्हणून गाडी बघताना रंगाकडे पाहू नये. गालिचा उचलावा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा बघावा, जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. चांगला पत्रा टणक लागतो, सडलेल्यात टोक घुसतं. लोहचुंबक फिरवला की जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे हे समजतं. पुट्टी खोलगट पोचा भरायला ठीक, पण उंबऱ्यातल्या भोकावर पुट्टी आणि वर रंग हे सरळसरळ फसवणं आहे, आणि विकाऊ जुन्या गाड्यांत ते सर्रास आढळतं. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगने बसवणं हाच उपाय. वेल्डिंग टाकीच्या आसपास असेल तर टाकी उतरवून दूर ठेवावी लागते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा असते. ही तपासणी जवळजवळ फुकट होते आणि तीच ठरवते की पुढे खर्च करायचा की नाही. पाट्यांचे टेकू आणि दोन्ही उंबरे गेले असतील, तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी ती गाडी बहुतेकांनी सोडून द्यावी असं मला वाटतं. इंजिन बदलता येतं. सांगाडा बदलणं म्हणजे दुसरी गाडी बनवणं.

ब्रेकच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या हे खोलून पाहायचं, आणि नळ्या तर न पाहताच बदलायच्या. धातूच्या नळ्या जिथे क्लिपने धरलेल्या असतात तिथे क्लिपखाली गंजतात, तो भाग उघडून बघायचा. ज्या जुन्या गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट आहे तिथे एका नळीची गळती म्हणजे चारही चाकांचे ब्रेक गेले. खंडाळ्याच्या उतारावर हे घडलं तर काय, याचा विचार करूनच इथला खर्च मोजावा. ड्रम उघडल्यावर लाइनरवर ऑइल पाझरलेलं दिसलं, तर लाइनर घासून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. टायरवर नक्षी शाबूत असते आणि त्यामुळेच ते फसवतात. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. टायर बनवणाऱ्या कंपन्या दहा वर्षं ही वापराची कमाल मर्यादा सांगतात. कायद्याने कारला १.६ मिलीमीटर नक्षी पुरते, पण चिरलेल्या टायरचं आयुष्य नक्षी सांगत नाही.

यावर सगळ्यात ऐकू येणारा आक्षेप असा: इंजिनच मेलेलं असेल तर ब्रेकवर पैसे का घालायचे? आधी इंजिन लावून तरी पाहू. आक्षेप वाजवी आहे, पण त्यात एक गृहीत चुकीचं आहे. इंजिनाची प्रकृती कळायला ते सुरू करावं लागत नाही. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडायचं आणि काही दिवस मुरू द्यायचं. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हळूहळू फिरवायचं. हाताला जे जाणवतं ते सेल्फला जाणवत नाही: एकसारखा जडपणा असेल तर ठीक, एका ठरावीक जागी अडत असेल तर थांबायचं, मागे फिरवायचं, पुन्हा ऑइल सोडायचं. इंजिन मोकळं फिरू लागलं की जुनं ऑइल काढून नवं भरायचं आणि कॉम्प्रेशन गेज लावायचा. आकडा किती येतो यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तीन सारखे आणि एक खूप कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर दोष रिंगेचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅसकेटचा. अशा रीतीने पेट्रोलचा थेंबही न जाळता इंजिनाचा अंदाज येतो, सांगाड्याच्या तपासणीबरोबर हेही उरकता येतं, आणि ब्रेकवर खर्च करायचा की नाही याचं उत्तर मिळतं. क्लचची प्लेट मात्र याच वेळी बघावी. बंद गाडीत ती गंजाने फ्लायव्हीलला चिकटते, आणि मग पेडल दाबलं तरी गाडी गिअरमध्येच राहते.

पेट्रोलच्या मार्गात आता एक नवी अडचण आली आहे. जी गाडी पंधरा-वीस वर्षांपूर्वी उभी राहिली ती जवळपास शुद्ध पेट्रोलवर उभी राहिली. आज पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, म्हणजे जिथून पाइप पेट्रोल ओढतो नेमकं तिथे. इथेनॉल जुनं किटण सोडवून पुढे ढकलतं आणि त्या काळातलं रबर फुगवतं किंवा कडक करतं. शिवाय शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. जुना कार्बोरेटर हे ओळखू शकत नाही. त्याचं मिश्रण आपोआप पातळ पडतं, गाडी अडखळते आणि जास्त तापते. त्यामुळे टाकी उतरवून धुणं, सगळे पेट्रोल पाइप आजच्या इंधनाला चालणाऱ्या रबराचे घालणं, पंपाचा पडदा बदलणं आणि कार्बोरेटर खोलून जेट साफ करणं हे एकाच बैठकीत उरकावं, आणि गरज पडल्यास मुख्य जेट एक आकडा मोठा घालावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात पद्मिनीचे भाग अजून मिळतात, पण दुकानात वर्षानुवर्षं पडलेला ‘नवा’ रबरी भाग हाही उभ्या गाडीसारखाच म्हातारा झालेला असतो. धातूचे भाग जुन्या साठ्यातले चालतील, रबर ताजंच हवं.

उरलेलं काम तुलनेने सोपं आहे. रेडिएटर आणि इंजिनातले पाण्याचे मार्ग उलट दिशेने धुवायचे, होज पाइप आणि पट्टा बदलायचा, पुढे नुसत्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरायचं. डेल्कोतले (डिस्ट्रिब्यूटरमधले) पॉइंट घासून नीट लावायचे, कंडेन्सर बदलायचा, उंदरांनी कुरतडलेली वायर टेपने न बांधता बदलायची आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवायचा. प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ फिरवायचा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. याचा अर्थ बेरिंगांपर्यंत ऑइल पोचलं. त्यानंतर प्लग बसवून किल्ली फिरवावी.

हा सगळा खटाटोप गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडतो, ही तक्रार पद्मिनीच्या बाबतीत बहुधा खरी ठरेल. बाजारभावाने पाहिलं तर हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो फायद्याचा म्हणून कुणाला विकू नये. पण सांगितलेल्या क्रमाने काम केलं तर तोटा कुठे थांबवायचा हे मालकाच्या हातात राहतं. इंजिनापासून सुरुवात करणारा माणूस पैसे गुंतल्यावर सांगाडा उघडतो. प्रदूषणाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. भारतात चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १९९५ साली, त्यामुळे बहुतेक पद्मिनींना तो नाहीच. पीयूसीच्या नियमातही फरक दिसतो: अशा जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, भारत स्टेज-२ आणि स्टेज-३च्या पेट्रोल गाडीला ०.५ टक्के. नवी गाडी बनवतानाही कार्बन बाहेर पडतो, असं उत्तर यावर दिलं जातं. ते कार्बनपुरतं ठीक, पण दादर किंवा स्वारगेटच्या चौकात श्वास घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. माझ्या मते खरं उत्तर वापराच्या मर्यादेत आहे. अशी गाडी महिन्यातून थोडी चालवावी, नीट ट्यून केलेली असावी, रोजच्या कामाला ती नेऊ नये. सुरक्षिततेचंही तेच: एअरबॅग नाही, धक्का शोषणारी आधुनिक रचना नाही, पुढच्या सीटबेल्टची सक्ती १९९४ची, म्हणजे त्याआधीच्या गाडीत तेही बसवून घ्यावे लागतात. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जाण्यासाठी ती नाही.

कागदपत्रांचं काम गाडी उघडण्याआधी तपासावं. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. अर्ज नमुना २५. कारचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि २०२५मध्ये वीस वर्षांहून जुन्या कारसाठी ते १०,००० करण्यात आलं. उशिराचा दंड महिन्यांच्या हिशेबाने चढतो आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मज्जाव करण्यात आला, तसा सरसकट महाराष्ट्रात झालेला नाही. पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, पण ती घेतल्यावर गाडी नेहमीच्या वापरात आणता येत नाही. नोंदणी आणि विमा संपलेली गाडी तपासणीला चालवत नेऊ नये; ट्रकवर चढवून न्यावी.

पहिले काही फेरे घराच्या आसपास, कमी वेगाने. प्रत्येक फेरीनंतर चाकांना हात लावून पाहावा: एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाही. पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदलावं, कारण मोकळा झालेला गाळ त्यात आलेला असतो. पेट्रोलचा फिल्टरही तेव्हाच. आणि गाडी रुळली की तिला पुन्हा उभी करू नये. आठवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटं सुरू ठेवण्याची सवय पुष्कळांना असते, ती उलट अपाय करते: पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी थंड सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठतं, ब्रेकचे पिस्टन हलत नाहीत, टायर फिरत नाहीत, बॅटरी नीट भरत नाही. पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पुरतं गरम होईल आणि चारही ब्रेक अनेकदा दाबले जातील असा फेरा तिला पुरतो. पावसाळ्यातही तो चुकवू नये, उघडीप बघून मारावा, कारण सगळ्यात जास्त ओल तेव्हाच असते.